सहावा की सातवा?

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. मानेचे मणके बोटांनी चाचपायला शिकताना वर्गात बाकीच्यांना 'इथे सांधा अडकलाय', 'इथे सैल आहे' असं पटापट जाणवतं आणि तुला मात्र सगळ्या माना सारख्याच लागतात, म्हणून तू रडकुंडीला आली आहेस. खरं सांगू? पहिल्याच वर्षी ज्याला इतकं काही जाणवतं, त्याची मला जास्त काळजी वाटते.

आधी खुणा पक्क्या कर. कवटीच्या मागच्या कडेवरून बोट मधोमध खाली उतरव. तिथे खळगा लागेल, कारण पहिल्या मणक्याला, म्हणजे ॲटलसला, मागे बोटाला लागणारं हाडाचं टोक नसतंच. त्याखाली बोटाला अडतं ते पहिलं ठळक टोक दुसऱ्या मणक्याचं. ॲटलस चाचपायचा तो बाजूने, कानामागचं हाड आणि जबड्याचा कोपरा यांच्या मधल्या फटीत. तिथे बोट अगदी हलकं ठेव, ती जागा निरोगी माणसाचीही दुखरी असते.

मानेच्या तळाशी खरी परीक्षा आहे. सगळ्यांत जास्त बाहेर आलेलं टोक सातव्या मणक्याचं, असं आपण पाठ करतो. पण कितीतरी जणांत सहाव्याचं किंवा छातीच्या पहिल्या मणक्याचं टोकही तितकंच उठून दिसतं. म्हणून लागोपाठच्या दोन टोकांवर दोन बोटं ठेव आणि समोरच्याला सावकाश वर बघायला सांग. सहाव्याचं टोक बहुधा बोटाखालून आत सरकतं, सातव्याचं जागेवर राहतं. मला हे कित्येक दिवस जमत नव्हतं. शेवटी सरांनी माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि म्हणाले, "नखं बघ." नखं पांढरी पडली होती. मी इतका दाबत होतो की हाड हललं तरी मला कळणार नव्हतं. दाब निम्म्याहून कमी केला आणि त्याच वेळी ते टोक बोटाखालून निसटलं. तो क्षण अजून माझ्या बोटांत आहे. तेव्हापासून मी आधी नखांकडे बघतो.

घरी सरावाला डोक्याचा एक केस घे, वहीच्या पानाखाली ठेव आणि डोळे मिटून शोध. सापडला की वर आणखी एक पान टाक.

आता तुझ्या मुख्य दुखण्याकडे येतो. आमच्या वर्गात एकदा शिक्षकांनी एका मुलाच्या मानेवर हात ठेवून 'उजवीकडे चौथा अडकलाय' म्हटलं आणि आम्हा सगळ्यांना तो लगेच लागला. नंतर आम्ही मित्रांनी त्याच मुलाला झोपवून, एकमेकांना न सांगता आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या तर उत्तरं जुळेनात. खोटं कोणीच बोललं नव्हतं. ऐकलेलं आधी बोटांत उतरलं होतं, एवढंच. अनुभवी तपासणाऱ्यांचंही सांध्याच्या हालचालीबाबत एकमत कमीच होतं, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कुठे दुखतं, याबाबत मात्र ते बरंच जास्त जुळतं. तेव्हा बोट ठेवल्यावर विचार, "तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?" त्या उत्तराला तुझ्या बोटाइतकंच वजन दे. नुसत्या चाचपण्यावर निदान उभं करू नकोस. मान किती वळते, हातात ताकद आणि संवेदना कशी आहे, हेही बघ.

आणि हात लावण्याआधी माणसाचं ऐक. पूर्वी कधीच नव्हतं असं मानेचं किंवा डोक्याचं दुखणं अचानक सुरू झालंय का? चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं, तोल जाणं? नुकताच अपघात झालाय का? यातलं काहीही असलं तर हात मागे घे आणि ताबडतोब तुझ्या शिक्षकांना बोलाव; अशा माणसाला थेट रुग्णालयात पाठवायचं असतं. मेंदूकडे जाणारी एक धमनी दोन्ही बाजूंनी, सहाव्या मणक्यापासून वर, हाडांतल्या छिद्रांमधूनच चढते. तिच्या भिंतीला चीर पडली तर सुरुवातीला नुसती मानच दुखू शकते. ती चीर बोटांनी ओळखता येत नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला कमीच वाटतं.

उद्यापासून एक वही कर. कोणता मणका, काय जाणवलं, खात्री किती, हे शिक्षकांनी काही सांगायच्या आत लिही. काहीच जाणवलं नसेल तर 'जाणवलं नाही' असंच लिही, त्याची लाज बाळगू नकोस. महिनाभराने ती वही मला दाखव, आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
काका