नवीन ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं. कार्ड खराब आहे का?

लगेच कार्डाला दोष देऊ नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात नाही ना, ते बघा. ती कार्डालाच लावायची. मग कार्डाची पॉवरची वायर बघा. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, त्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनच्या कनेक्टरमधून आणखी १५०. ही वायर जोडायची राहिली तरी पंखे फिरू शकतात, पडदा मात्र काळाच. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं.

तेही ठीक असेल तर पीसीचा प्लग काढून कार्ड बाहेर घ्या, स्लॉटचं लॉक खट् वाजेपर्यंत पुन्हा बसवा. कार्डाशिवाय मदरबोर्डवरून डिस्प्ले येतो का, हेही पाहा. पण इंटेलचा 'एफ'वाला प्रोसेसर (उदा. आय५-१२४००एफ) असेल तर येणारच नाही, त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं. दुसऱ्या पीसीत लावून बघितल्याशिवाय नवीन कार्ड घेऊ नका.