धरणकाठचे वर्ष: गळाने मासेमारी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गेल्या दिवाळीच्या सुमारास मी रॉड आणि रीळ घेतले. नोव्हेंबरात खडकवासल्याच्या फुगवट्यावर चार सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे लागले. मात्र एप्रिल-मेमधले सलग आठ रविवार मी रिकाम्या हाताने परतलो. आमिष तेच होते आणि जागाही तीच होती. वर्षातल्या कोणत्या महिन्यांत मासा लागतो, हे कृपया सांगावे. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर: आपण महिना विचारला आहे, पण मी आपल्याला आधी पाण्याची पातळी पाहायला सांगेन. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यात वरसगावचा वाटा जवळजवळ १३ टीएमसीचा, पानशेतचा साडेदहाहून थोडा अधिक, टेमघरचा पावणेचारच्या आसपास आणि आपण ज्या पाण्यावर बसता त्या खडकवासल्याचा जेमतेम २ टीएमसी आहे. एवढ्या लहान धरणातून शहराला पिण्याचे पाणी जाते, कालव्याला शेतीचे आवर्तन सुटते आणि वरून पानशेत-वरसगावचे पाणी येऊन ती तूट भरून निघते. त्यामुळे इथली पातळी मोठ्या धरणांपेक्षा फार लवकर खाली-वर होते, आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात चरणाऱ्या माशाला हा बदल आपल्याआधी कळतो.

पाणी उतरू लागले की सायप्रिनस आणि मृगळ काठ सोडून जुन्या नदीपात्राच्या खोल भागाकडे सरकतात. तेच पाणी चढू लागले आणि चार दिवसांपूर्वी कोरडे असलेले गवत बुडाले, की त्यातली गांडुळे व किडे टिपायला ते गुडघाभर पाण्यातही येतात. आपण मे महिन्यात नोव्हेंबरच्याच दगडावर बसलात, परंतु त्या दगडापुढचे पाणी नोव्हेंबरचे राहिले नव्हते. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की एक वही करावी आणि प्रत्येक खेपेला तारीख, वेळ, वारा, पाणी चढते आहे की उतरते आहे आणि मासा किती खोलीवर लागला, एवढे तरी नोंदवावे. काठावर पोहोचताच पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवली, तर पाण्याची चाल संध्याकाळपर्यंत ध्यानात येते.

आता महिन्यांविषयी. पावसाळा ओसरल्यावर धरण भरलेले असते, गढूळपणा खाली बसतो आणि पाणी अजून उबदार असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा नवशिक्यांसाठी सर्वांत उदार काळ आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात पहाटेचे तापमान दहा अंशांपर्यंत उतरते आणि मासा कमी खातो. अशा दिवसांत पहाटे उठून कुडकुडत बसण्यापेक्षा सकाळी दहानंतर ऊन पाण्यावर आल्यावर जावे आणि आमिष वाटाण्याएवढे लहान ठेवावे. जानेवारी ते मार्च हा आपल्या हवामानात सायप्रिनसच्या विणीचा एक हंगाम असतो आणि दुसरा पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये येतो. या दिवसांत पोट फुगलेली मादी लागली, तर तिला लगेच पाण्यात सोडावे, असे मी मनापासून सांगतो.

उन्हाळ्याचे कारण मात्र प्राणवायूत आहे. वीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांवर ते प्रमाण साडेसातच्या आसपास येते. दुपारी तापलेल्या उथळ पाण्यात मासा म्हणूनच थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये उजाडण्याआधी जावे, वारा ज्या काठावर लाटा आणून आपटतो त्या काठावर बसावे आणि नऊ वाजता सामान आवरावे. आपले आठ रविवार किती वाजताचे होते, हे आपण लिहिले नाही. ते दुपारचे असतील, तर उत्तर त्यातच आहे.

वहीबरोबर डोळ्यांनाही सवय लावावी. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी पाणी आरशासारखे स्थिर असताना काठापासून दहा-बारा हातांवर बारीक बुडबुड्यांची एक ओळ उठली, थांबली आणि हातभर पुढे पुन्हा उठली. मासा तळाचा गाळ उकरीत चालला होता. मी गळ त्याच्या वाटेत, त्याच्या पुढे चार हातांवर अलगद सोडला आणि वाट पाहिली. बोया (दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा) बुडाला नाही. उलट तो वर उचलला गेला आणि पाण्यावर आडवा झाला, कारण माशाने आमिष तळावरून उचलले आणि त्यासोबत शिशाचा भारही उचलला गेला. अनेकजण बोया बुडण्याची वाट पाहत बसतात आणि तेवढ्यात सायप्रिनस आमिष थुंकून निघून जातो. बोया आडवा झाला की मनगटाने हलका झटका द्यावा. तो मासा अंगावर मोजकेच मोठे खवले असलेला होता. गळ काढताना त्याचे तोंड नळीसारखे पुढे आले आणि ओठांच्या कडेच्या मिशांच्या दोन जोड्या माझ्या बोटाला लागल्या. गाळातले अन्न तो या मिशांनी चाचपतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि त्यांनी तो गोगलगायीचे कवचही फोडतो.

प्रश्न: कटला, रोहू आणि सायप्रिनस यांना एकच आमिष चालते का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: चालत नाही, कारण त्यांची तोंडे वेगळी आहेत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी भाताचा कोंडा आणि भाजलेल्या डाळीचे पीठ यांचा असा सैल गोळा करावा, की तो पाण्यात हळूहळू सुटत राहील आणि गळ त्या ढगातच लटकेल. रोहू मधल्या थरात वावरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाला चरतात. त्यांना शेंगदाण्याची पेंड घातलेली घट्ट कणीक, गांडूळ किंवा मका द्यावा. कणीक गळावर टिकत नसेल, तर मळताना त्यात कापसाचे थोडे तंतू मिसळावेत. मका मात्र रात्रभर भिजवून पूर्ण शिजवावा. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो. जागेवर टाकायचा चाराही मूठ-दोन मूठच असावा. पोट भरलेला मासा आपल्या गळाकडे का येईल, आणि उरलेले पीठ तळाशी कुजून पिण्याचे पाणीच खराब करते.

प्रश्न: कटला-रोहू धरणात आपोआप वाढतात की सोडावे लागतात? पकडलेला मासा परत सोडणे योग्य आहे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत. पुराच्या वाहत्या पाण्यावाचून ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून आपल्या तलावांत व धरणांत त्यांचे बोटुकले (बोटभर पिल्ले) सोडले जाते. पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन करण्याची पद्धत डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात १० जुलै १९५७ रोजी यशस्वी केली आणि त्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. सायप्रिनस तर परदेशातून आणलेला मासा असून तो साचलेल्या पाण्यातही वितो. धरणात सोडलेल्या माशांवर मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो आणि बोटुकल्याचा खर्च त्या कुटुंबांनी केलेला असतो. म्हणून गळ टाकण्यापूर्वी संस्थेची आणि मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी विचारावी, आणि घरी एका जेवणापुरताच मासा न्यावा.

आपल्या नद्यांचा खरा मासा महासीर आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनी महासीराचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्याच पात्रात शहराचे सांडपाणी वाहते, हे लिहिताना मला फार वाईट वाटते. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून महासीराची पिल्ले वाढवली जातात. आपल्या गळाला महासीर लागला, तर हात ओले करून, शक्यतो पाण्याबाहेर न काढता, त्याला सोडूनच द्यावे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला, तर हे काम क्षणात होते. घरच्या काचपेटीतला सकर मासा किंवा एका पाण्यातली चिलापी (तिलापिया मासा) दुसऱ्या पाण्यात मात्र कधीही सोडू नये.

प्रश्न: अकरा वर्षांच्या मुलीला जुलैत माझ्याबरोबर नदीवर यायचे आहे. नेऊ का? (एक वाचक, वारजे)

उत्तर: जुलैत नदीपात्रात नेऊ नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात दर पावसाळ्यात दिसते. पात्रातल्या खडकावर बसलेल्या माणसाच्या मागची वाट त्याआधीच बंद झालेली असते. माझ्याबाबतीत हे एकदा घडले आहे. पाणी घोट्यापर्यंत आले तेव्हा मी चारा मळत होतो, आणि काठ गाठेपर्यंत ते कमरेला लागले. ओढ इतकी होती, की रॉड टाकून दोन्ही हातांनी झुडूप धरावे लागले. शिवाय तो कटला-रोहूच्या विणीचा काळ असतो. मुलीला ऑक्टोबरात एखाद्या परवानगी असलेल्या तळ्यावर न्यावे, अंगात तरंगणारे जाकीट घालावे आणि पहिल्या दिवशी तिच्या हाती रॉडऐवजी वही द्यावी. बुडबुडे कुठे उठले, ते तिला लिहू द्यावे. मुलांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, आणि गळ कुठे टाकायचा ते दुपारपर्यंत बहुधा तीच आपल्याला दाखवील.