वाचक विचारतात : माणसे कमी, तरी बरे का वाटते?

प्रश्न : अनेक वर्षे मी मोठ्या कंपन्यांची समाजमाध्यमे वापरत आहे. माझ्या परिचयातील काही जण अलीकडे ती सोडून मॅस्टोडॉन, लेमी अशा विकेंद्रित जाळ्यांवरील लहान समूहांत गेले आहेत आणि ‘इथे बरे वाटते’ असे सांगतात. जिथे माणसेच कमी, तिथे बरे का वाटावे? ही केवळ जुन्या इंटरनेटची ओढ तर नव्हे?

उत्तर : ओढ असेलही, पण आपण ज्याला जुने म्हणता, ते कधी पुरते संपलेलेच नाही. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेट या संगणकांवरील चर्चेच्या जाळ्याची कल्पना मांडली, तेव्हा त्या जाळ्याला केंद्रच नव्हते. प्रत्येक संगणक आपल्याकडचे संदेश दुसऱ्या संगणकाकडे पोहोचवी आणि त्याच्याकडचे आपल्याकडे घेई. ई-मेलही आज बऱ्याच अंशी तसेच चालते. पाठवणाऱ्याची सेवा एका कंपनीची आणि घेणाऱ्याची दुसरीच असली, तरी पत्र पोहोचते. २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या मॅस्टोडॉनने हेच तत्त्व समाजमाध्यमाला लावले. त्याचे हजारो सर्व्हर, म्हणजे एकेका समूहाची खाती आणि लेखन सांभाळणारे संगणक, वेगवेगळ्या व्यक्ती आणि संस्था चालवतात, आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केलेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमसंचामुळे ते एकमेकांशी बोलू शकतात. म्हणून ‘माणसे कमी’ हे आपले निरीक्षण अर्धेच खरे आहे. आपला समूह शे-दोनशे जणांचा असला, तरी पलीकडच्या समूहातील माणसाचे लेखन तिथून वाचता येते आणि त्याला उत्तरही देता येते.

बरे वाटण्याचे एक कारण अगदी साधे आहे. मोठ्या व्यासपीठांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे असते, म्हणून आपण पडद्यासमोर अधिकाधिक वेळ थांबावे अशा बेताने तिथे मजकूर पुढे केला जातो. आणि भांडण दिसले की माणूस थांबतो, हे कळायला ॲल्गोरिदमची गरज नव्हती. मॅस्टोडॉनवर आपण निवडलेल्या माणसांचे लेखन काळाच्या क्रमाने येते आणि ते वाचून झाले की संपते. काहींना हे कंटाळवाणे वाटते. त्यांची तक्रार खरी आहे, पण मला स्वतःला वाचन संपण्याची ती सोय फार मोलाची वाटते.

दुसरे कारण नियमांचे आहे. मोठ्या व्यासपीठावर कोट्यवधी लोकांसाठी एकच नियमावली असते, ती करणारा कोण हे आपल्याला ठाऊक नसते आणि तक्रारीला बहुधा यंत्राचे ठरावीक उत्तर येते. लहान सर्व्हरवर नियम करणारा माणूस त्याच गप्पांत सामील असतो, त्याला ‘हे का काढले?’ असे विचारता येते. २०१९ मध्ये अतिउजव्या मजकुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या गॅब या व्यासपीठाने मॅस्टोडॉनचेच सॉफ्टवेअर स्वीकारले. ते सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे त्याला कोणी अडवू शकत नव्हते. परंतु अनेक सर्व्हरांनी आपापल्या निर्णयाने त्याच्याशी असलेली देवाणघेवाण बंद केली. वरून हुकूम सुटला नाही, आणि ज्यांना संबंध ठेवायचा होता त्यांना तो ठेवण्याची मोकळीकही राहिली.

मी मात्र सर्वांत अधिक महत्त्व निघून जाण्याच्या सोयीला देईन. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना ट्विटरची मालकी बदलली. त्यानंतर ज्यांना तिथले वातावरण नकोसे झाले, त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : राहायचे, किंवा वर्षानुवर्षे जोडलेली माणसे मागे टाकून जायचे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, तेव्हा तर पहिली वाटही नव्हती. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर खाते हलवता येते आणि आपले अनुयायीही बरोबर येतात. जुने लेखन मात्र येत नाही, आणि ही उणीव लहान नव्हे. तरीही ज्याला सदस्य उठून जाऊ शकतात हे ठाऊक असते, तो प्रशासक सदस्यांशी जरा जपून वागतो.

आता याची किंमतही सांगितली पाहिजे, कारण आपले परिचित ती बहुधा सांगत नसतील. हे सर्व्हर बहुतांशी देणग्यांवर आणि कोणाच्या तरी रिकाम्या वेळेवर चालतात. तो माणूस थकला, की सर्व्हर बंद होतो. लहान समूहात लहरी प्रशासकाचा जाचही अधिक जवळून सोसावा लागतो. शिवाय मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, म्हणजे ज्याच्या हाती सर्व्हर आहे त्याला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. मोठ्या कंपनीवरचा अविश्वास इथे एका व्यक्तीवरच्या विश्वासाने भरून काढावा लागतो, आणि ते प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

प्रश्न : जावेसे वाटले, तर सर्व्हर कसा निवडावा?

उत्तर : आधी त्याची नियमावली वाचावी आणि तिथल्या चालू गप्पा काही दिवस नुसत्या पाहाव्यात. त्यानंतर प्रशासक एकटा आहे की सोबत कोणी आहे, हे पाहावे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांना दररोज प्रत ठेवण्याची, आणीबाणीसाठी आणखी एकाकडे प्रवेशाधिकार देण्याची आणि बंद करण्यापूर्वी किमान ३ महिने सूचना देण्याची हमी द्यावी लागते. ही शेवटची अट कागदी वाटते, पण खाते हलवण्याची प्रक्रिया जुन्या सर्व्हरवरूनच सुरू करावी लागते. तो एका रात्रीत नाहीसा झाला, तर अनुयायी बरोबर नेता येत नाहीत. म्हणून आपण ज्यांना अनुसरता त्यांची यादी सेटिंग्जमधून अधूनमधून उतरवून घ्यावी. आपल्या लेखनाची संपूर्ण प्रतही दर ७ दिवसांनी एकदा मागवता येते.