चकली तिची, निर्णय तुमचा!

प्रश्न : माझा घरगुती फराळाचा उद्योग आहे, मदतीला सहाजणी आहेत. त्यांतल्या सगळ्यात जुन्या बाईंवर चकलीचं काम सोपवलं. पण दर अर्ध्या तासाने विचारणा होते : पाणी किती घालू, तेल बदलू का, पीठ संपत आलंय, मागवू का? शेवटी मीच सोऱ्या हातात घेते आणि ऑर्डरीचे फोन वाजत राहतात. काय चुकतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही तळण सोपवलंत, ठरवणं स्वतःकडेच ठेवलंत. त्यांचे तीन प्रश्न तीन वेगळ्या जातीचे आहेत, म्हणून उपायही वेगळे.

पाण्याचा अंदाज तुमच्या हातात बसलाय, तो कागदावर आणा. वाटीचं माप नको. एकीची वाटी शिगोशीग, दुसरीची सपाट. वजनकाटा वापरा. किलोभर भाजणीला साधारण १०० ग्रॅम मोहन, इथून सुरुवात करा. पाण्याचा आकडा मात्र तुमच्याच भाजणीवर काढावा लागेल, कारण दळण बारीक-जाड झालं की पाणी बदलतं. पाण्याचं पातेलं आधी तोला, पीठ भिजवून झाल्यावर पुन्हा तोला. तीन-चार दिवसांत आकडा हाती लागतो. त्याच वहीत बिघाडही लिहा. चकलीचे तेलात तुकडे होतात? मोहन जास्त झालंय, पुढच्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा. दगडासारखी होते? मोहन कमी. तळताना कुरकुरीत, तासाभराने मऊ? आच मोठी होती. बाहेरून रंग आला, आत ओल राहिली.

तेलाला मोजमाप कमी, नजर जास्त लागते. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साठणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. ते मोजायचं मीटर नसेल तर खुणा ठरवून द्या : फेस बसत नाही, तेल काळपट-चिकट झालंय, नेहमीच्या आचेवरच धूर येतोय. यांतली एक जरी दिसली तरी तेल बाद, न विचारता. खरी परीक्षा इथे तुमची आहे. त्यांनी एखाद दिवशी चांगलं तेल घाईने काढलं आणि तुम्ही चारचौघींत बोललात, की दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा विचारायला येणार. आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

खरेदीला रकमेची मर्यादा घाला. समजा, दीड हजारापर्यंत त्यांनीच मागवायचं, संध्याकाळी बिल द्यायचं, त्यापुढे फोन. हे दुकानदाराला आणि बाकीच्या पाचजणींना तुम्ही स्वतः सांगा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं : अधिकार दिलेला असतो, पण तो दिलाय हे इतरांना ठाऊकच नसतं.

तुम्ही दिवसातून दोनदाच बघा : सकाळचा पहिला घाणा चाखून आणि संध्याकाळी पॅकिंगच्या आधी. मधे कढईकडे फिरकू नका. प्रश्न आलाच तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारा. उत्तर बरोबर असेल तर ‘करा’ म्हणा, तुमची पद्धत वेगळी असली तरी. ही घडी गणपतीच्या छोट्या ऑर्डरींवर बसवा. वसुबारसेला शिकवायला घ्याल तर दोघींचीही तारांबळ.

भाव, उधारी आणि लेबल मात्र सोपवू नका. नोंदणी तुमच्या नावावर आहे, पाकिटावरच्या तारखेचा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

प्रश्न : वहीत सगळं लिहून दिलं आणि त्यांनी स्वतःचाच उद्योग काढला तर?
— त्याच वाचक

उत्तर : काढतीलही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ ४:२:१ हे प्रमाण घरोघरी ठाऊक आहे, ते लपवून काही राहत नाही. मसाल्याचं मिश्रण तुमचं खास असेल तर ते स्वतः करा आणि किलोमागे एक अशा तोललेल्या पुड्या बांधून द्या. सोबत दुसऱ्या एकीलाही आठवड्यातून एक दिवस चकलीवर बसवा; पहिल्या बाई आजारी पडल्या तरी कढई थांबायला नको.