तुमचं चेनिन, लुआरचं चेनिन

प्रश्न: दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर चेनिन ब्लांकची बाग आहे. सगळा माल वायनरीला जातो. मुलगी शिकायला फ्रान्सला आहे. ती म्हणते, तिकडे याच द्राक्षाची वाइन चाळीस-पन्नास वर्षं ठेवतात, आणि बुरशी लागलेल्या घडांची वाइन सगळ्यात महाग विकतात! आमच्याकडे बुरशी दिसली की ट्रॉली परत येते. वाण तोच आहे ना?
– एक द्राक्षबागायतदार

उत्तर: ताई, वाण तोच. मुलगी सांगते तेही खरं आहे.

लुआर ही फ्रान्सची सर्वांत लांब नदी, आणि तिच्या काठचा आंजू-तुरेन हा पट्टा म्हणजे चेनिनचं माहेर. तिकडे त्याला ‘शनँ’ म्हणतात. याच नदीकाठी इतर वाइनही होतात: वरच्या अंगाला सांसेरला सोव्हिन्यों ब्लाँ, समुद्राजवळ म्युस्कादे, शिनोंला लाल काबेर्ने फ्राँ. पण माझा जीव चेनिनमध्ये, म्हणून मी एक हंगाम तुरेनमधल्या वूव्रे गावी तोडणीला गेलो होतो.

पहिल्याच दिवशी मी सवयीनं अख्खा घड कापायला गेलो. शेजारच्या ओळीतल्या आजींनी माझा हात धरला. घडाचा पिकून सोनेरी झालेला भाग तेवढा कात्रीनं काढला आणि उरलेला वेलीवरच ठेवला. चेनिन एकसारखं पिकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच ओळीतून आम्ही तीनदा फिरलो, शेवटचा फेरा नोव्हेंबर उजाडल्यावर. सकाळी बोटं इतकी गारठायची की कात्री धरवत नसे.

वाइन टिकते ती या गारठ्यामुळे. तिथे रात्री थंड असतात, साखर सावकाश चढते आणि आंबटपणा मण्यातच राहतो. हा आंबटपणाच वाइनला वर्षानुवर्षं सांभाळतो. आपल्याकडे फेब्रुवारीच्या उन्हात ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, भराभर वाढतो आणि मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल तितक्याच वेगानं खर्ची पडतं. म्हणून वायनरी लवकर तोडणीची घाई करते. ती ताजी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यावी, यात तुमच्या बागेला कमीपणा नाही. तुमचा वेल खरड छाटणी आणि गोडी छाटणी अशा दोन छाटण्या सोसतो. तिकडचा हिवाळाभर झोपतो. त्यांचं दुखणं निराळं. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटींवर हिम पडतं. 2021 साली अशाच काही रात्रींनी फ्रान्सभरच्या बागा जाळल्या.

आता बुरशी. ती आपल्याकडच्या भुरी किंवा केवडा रोगाची नव्हे. बोट्रायटिस नावाची ही राखाडी बुरशी पावसात आली तर तिकडेही घड कुजवते. पण लुआरला मिळणाऱ्या लेयों नदीच्या खोऱ्यात शरदात पहाटे धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असतं. धुक्यात बुरशी मण्याची साल भेदते, उन्हात त्यातलं पाणी उडून जातं. मणी मनुक्यासारखा सुरकुततो. साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात. तिथल्या अशा गोड वाइनचं ‘कार द शोम’ हे नाव जमीनमालकाच्या चौथ्या वाट्यावरून पडलंय. 2011 साली तिला ग्रां क्रू, म्हणजे सर्वांत वरचा, दर्जा मिळाला. उतारा हेक्टरी जेमतेम 20 हेक्टोलिटर, म्हणजे एकरी साधारण 800 लिटर. एवढ्याशा वाइनसाठी तीन-तीन फेरे मारायचे, तर ती महाग असणारच. तुमच्या बागेत मात्र बुरशी मुद्दाम राखू नका. आपल्याकडे ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस, त्यात निव्वळ कूज होते.

मुलगी सुट्टीत येईल तेव्हा तिला वूव्रेची एक बाटली आणायला सांगा. लेबलवर ‘सेक’, म्हणजे कोरडी, लिहिलंय ना ते बघायला सांगा, कारण वूव्रे अर्धगोड, गोड, फेसाळ अशी सगळ्या तऱ्हांची निघते. शेजारी तुमचा माल जातो त्या वायनरीची कोरडी चेनिन ठेवा. दोन्ही बाटल्या फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं थांबा. आधी तुमची ओता.