एआयचे नियम आणि ईएनटीसीची मुलगी

“मुलगी ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाली, एआयचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्यात जायचंय. नियम करणं हे वकिलांचं आणि आयएएसवाल्यांचं काम ना? मग इंजिनिअरिंगची फी पाण्यात गेली म्हणायची का?” — एक पालक, कराड

नमस्कार.

फी पाण्यात जात नाही. तुमच्या बाजारपेठेत वैधमापनचे निरीक्षक येऊन काटे तपासतात, ते आठवा. ‘वजन खरं हवं’ एवढं कायदा सांगतो. ते खरं आहे का, हे मात्र पारड्यात प्रमाणित वजन ठेवल्यावरच कळतं. ‘यंत्राने भेदभाव करू नये’ हे वाक्य वकील लिहील. भेदभाव मोजायचा कसा आणि किती फरक चालवून घ्यायचा, तिथे तुमच्या लेकीचं शिक्षण लागतं.

अमेरिकेतली निस्ट ही अशीच मोजमापं करणारी सरकारी संस्था. कायदे करणं, दंड ठोकणं तिच्याकडे नाही. २०१९ मध्ये तिने चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम सुमारे १ कोटी ८२ लाख फोटोंवर तपासले. एका माणसाला भलताच कुणी समजण्याची चूक आशियाई आणि कृष्णवर्णीय अमेरिकी चेहऱ्यांबाबत गोऱ्यांपेक्षा अनेकदा १० ते १०० पट जास्त निघाली. गंमत म्हणजे, आशियात तयार झालेल्या काही अल्गोरिदममध्ये आशियाई चेहऱ्यांबाबत एवढी तफावत नव्हती. ‘एआय पक्षपाती आहे’ असं आधीही म्हटलं जायचं, पण आकडे हातात आल्यावर वादाला बूड मिळालं.

आपल्याकडे दूरसंचार विभागाचं टीईसी, म्हणजे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र, यात आहे. एआय प्रणालीची निष्पक्षता तपासून तिला मानांकन कसं द्यायचं, याचं मानक त्यांनी २०२३ मध्ये काढलं. आधी पक्षपाताचा धोका किती ते पाहायचं, मग कोणत्या मापाला कोणती मर्यादा ते ठरवायचं, शेवटी चाचणी. हे मानक ऐच्छिक आहे, सक्ती नाही. मला ही उणीव वाटते. पण उद्या सक्ती करायची झाली तर मोजपट्टी आधी तयार असावी लागते, हेही खरं.

टीईसीत भारतीय दूरसंचार सेवेचे अधिकारी असतात. तो रस्ता यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून जातो आणि ईएनटीसीला तो खुला आहे. देशातली मानकं ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोत ‘सायंटिस्ट-बी’ या पदाची भरती गेट या इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि मुलाखतीवर होत आली आहे, पण प्रत्येक जाहिरातीत तिची शाखा असेलच असं नाही. म्हणून दोन्हींची तयारी एकत्र करावी; अभ्यासक्रम बराचसा सारखा आहे.

एक गोष्ट मात्र तिला आधीच सांगून ठेवा. नेमणूक आपल्या हातात नसते. एआय मनात धरून गेली आणि पहिली काही वर्षं राउटर नाहीतर केबलच्या कागदपत्रांत गेली, असं होऊ शकतं. हे चालणार असेल तरच या वाटेला जावं.

तोवर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट वाया घालवू नका. मोबाइलवरचं मराठी व्हॉइस टायपिंग घ्या. कराडची आजी, चंद्रपूरचा विद्यार्थी, मालवणची मासेविक्रेती, सगळ्यांकडून तोच उतारा वाचून घ्या आणि कुणाचे किती शब्द चुकले ते मोजा. पुरेसे आवाज जमवायला तीनेक महिने लागतील, तेव्हा दिवाळीआधीच सुरुवात करायला सांगा.