ग्लास-इपॉक्सी लॅमिनेटचं (काचतंतूंचे थर इपॉक्सी रेझिनने चिकटवलेली पट्टी) वाकणं आणि आतले थर सुटणं एकाच स्ट्रेन गेजने मोजता येईल का? कॉलेजला फक्त यूटीएम (ओढून-दाबून ताकद मोजायचं मशीन) आहे

नाही येणार. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एफआरपीच्या (तंतू आणि रेझिनच्या वस्तूंच्या) कामात आहे, आमच्याकडे येणारी प्रोजेक्टवाली पोरं पण हमखास हेच विचारतात. गेज जिथे चिकटवलाय तेवढ्याच पृष्ठभागाचा स्ट्रेन, म्हणजे तो किती ताणला गेला ते, सांगतो, आत दोन थर सुटले तरी बऱ्याचदा त्याला पत्ताच नसतो.

वाकणं मोजायला पट्टीच्या मधोमध खाली डायल गेज लावा, झालं. स्ट्रेन गेज लावायचाच असेल तर १२० ओहमचा नको, ३५० चा घ्या, कारण कंपोझिट उष्णता ओढून नेत नाही आणि गेज स्वतःच तापून रीडिंग सरकत बसतं. लॅमिनेट पावसाळ्यात टाकलं असेल तर वर तेलकट थर येतो कधीकधी, तो धुऊन पॉलिश पेपर मारा.

आता थर सुटणं. तुमचं नशीब चांगलं की ग्लास आहे, कार्बन नाही. मागून टॉर्च धरा, सुटलेली जागा आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते. मग नाण्याने टकटक करत जा, माठ घेताना वाजवून बघतो ना अगदी तसं, चांगल्या जागी टण्ण आणि सुटलेल्या जागी बद्द. पण हे झालं शोधणं, मोजणं नाही.

मोजायला डीसीबी टेस्ट करा, म्हणजे पट्टीचे दोन भाग ओढून उकलायचे, अमेरिकन स्टँडर्ड एएसटीएम डी ५५२८ प्रमाणे. पट्टी साधारण १२५ मिमी लांब, २५ रुंद, आणि लेअप करतानाच (थर रचतानाच) एका टोकाला बरोबर मधल्या थरात टेफ्लॉनची फिल्म टाकायची, १३ मायक्रॉनपेक्षा पातळ. इथे मी स्वतः माती खाल्लीये. फिल्म मिळेना म्हणून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक कापून टाकलं, आकडा इतका भारी आला की मी खूश, मग आमच्या सिनिअरने कड भिंगाखाली दाखवली, जाड प्लास्टिकच्या टोकाशी रेझिनचं डबकं साचलं होतं आणि मी थरांची नाही त्या डबक्याची ताकद मोजत होतो.

पट्टीच्या फिल्म असलेल्या टोकाला दोन्ही बाजूंना बिजागऱ्या चिकटवून यूटीएममध्ये हळू ओढा, मिनिटाला १ ते ५ मिमी. कडेला व्हाइटनर लावून फिल्म संपते तिथून पुढे पहिले ५ मिमी दर मिलिमीटरला आणि मग दर ५ मिमीला पेन्सिलची रेघ मारा, म्हणजे चीर कुठे पोचली ते दिसतं. लोड, उघडलेलं अंतर आणि चिरेची लांबी एकाच वेळी लिहायची, एकट्याने जमत नाही, मोबाईलवर व्हिडिओ काढा. मग थर सोडवायला लागणारी ऊर्जा म्हणजे ३ गुणिले लोड गुणिले अंतर, भागिले (२ गुणिले पट्टीची रुंदी गुणिले चिरेची लांबी). हे थोडं जास्तच येतं, कारण चिरेच्या टोकाशी पट्टी पक्की आवळलेली नसते, स्टँडर्डमध्ये त्याची दुरुस्ती दिलीये, ती करा.

चीर पुढे गेली की आकडा वाढत जातो, तंतू पुलासारखे दोन्ही बाजू धरून ठेवतात म्हणून. रिपोर्टमध्ये सुरुवातीचाच आकडा मुख्य धरा. आणि पट्ट्या निदान ५ करा, एखादीची तरी बिजागरीच निघून येते.